ज्यूल फेरी: फुकट शाळा, वसाहती आणि लोकांच्या शिव्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फ्रान्समधल्या लहानमोठ्या गावांत 'ज्यूल फेरी' नावाची शाळा किंवा रस्ता हमखास सापडतो. मराठीत या माणसाबद्दल फार थोडं वाचायला मिळतं, आणि जे प्रश्न येतात ते फिरून फिरून एकाच जागी येतात: शाळा फुकट करणारा फेरी आणि व्हिएतनाम गिळायला निघालेला फेरी हे दोघं एकच का? हो, एकच. बाकीचं खाली.

नाव कसं उच्चारायचं? आणि हा माणूस नेमका कोण?

ज्यूल फेरी. 'ज्युल्स' नको, फ्रेंचमध्ये तो शेवटचा 'स' मुका असतो. आडनावाचा प्रभातफेरीशी काही संबंध नाही, पण मराठी कानाला ते इतकं घरचं वाटतं की सांगून टाकलेलं बरं.

जन्म ५ एप्रिल १८३२ चा, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या व्होज डोंगरांतल्या सँ-दिए गावातला. मृत्यू पॅरिसमध्ये, १७ मार्च १८९३ ला. मधल्या साठ वर्षांत तो वकील झाला, पत्रकार झाला, खासदार, पॅरिसचा महापौर, ग्रीसमधला राजदूत, शिक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री, दोनदा पंतप्रधान आणि अखेर सिनेटचा अध्यक्ष. फ्रान्सचं तिसरं प्रजासत्ताक ज्यांच्या हातून आकाराला आलं त्या पाचसहा जणांत त्याचं नाव घ्यावंच लागतं.

'पंतप्रधान' हा शब्द मी सोयीसाठी वापरतो आहे. त्या वेळचं पद 'मंत्रिपरिषदेचा अध्यक्ष' असं होतं, आणि प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष वेगळा असे. ही दोन पदं एकमेकांत मिसळली की फेरीच्या कारकिर्दीचा निम्मा घोटाळा तिथेच होतो.

राजकारणात तो आला कसा?

हिशेबाच्या वह्या उघडून. वडील वकील, हाही वकील. १८५१ मध्ये त्याला सनद मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात लुई-नेपोलियन बोनापार्टने सत्ता बळकावली, वर्षभराने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं. प्रजासत्ताकाची बाजू घेणाऱ्या तरुण वकिलाला पुढची अनेक वर्षं करण्यासारखं फारसं काही नव्हतं. मग तो 'ल ताँ' या दैनिकात लिहू लागला.

तेव्हा पॅरिसमध्ये शहराचा सरकारी प्रशासक बॅरन ओसमान याचा धडाका चालू होता. जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते, नवी गटारं, नव्या बागा. शहर झकपक होत होतं, पण पैसा कुठून येतोय हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. फेरीने १८६७-६८ मध्ये त्यावर लेखमाला लिहिली आणि दाखवून दिलं की ठेकेदारांच्या नावावर काढलेल्या कागदांमधून ओसमान संसदेला न विचारता कर्ज उभारतो आहे. लेखमालेचं नाव मात्र लेखांहून गाजलं. ऑफमान या जर्मन लेखकाच्या 'अद्भुत कथा' तेव्हा घरोघर माहीत होत्या. फ्रेंचमध्ये 'कथा' आणि 'हिशेब' हे दोन्ही शब्द 'कोंत' असेच उच्चारले जातात. फेरीने फक्त स्पेलिंग बदललं, ऑफमानच्या जागी ओसमान बसवला, आणि झालं 'ओसमानचे अद्भुत हिशेब'. तोंडाने म्हटलं तर दोन्ही नावं जवळपास सारखीच. पॅरिसकर हसले, आणि हसता हसता १८६९ मध्ये त्यांनी त्याला निवडून दिलं. ओसमानची खुर्ची जानेवारी १८७० मध्ये गेली.

लोक त्याला 'दुष्काळी फेरी' का म्हणत?

१८७० च्या हिवाळ्यामुळे. प्रशिया या जर्मन राज्याशी युद्ध झालं, सेदानला सम्राट स्वतः कैद झाला आणि ४ सप्टेंबरला पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं. फेरी त्या हंगामी सरकारात होता. पंधरा दिवसांत जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला, तो २८ जानेवारी १८७१ पर्यंत उठला नाही. नोव्हेंबरात महापौरपद फेरीच्या गळ्यात पडलं, म्हणजे वीस लाख माणसांच्या पोटाची जबाबदारी.

घोड्याचं मांस ही तर रोजची गोष्ट झाली होती. मांजरं आणि उंदीर बाजारात विकायला आले, प्राणिसंग्रहालयातले दोन हत्तीसुद्धा कापले गेले. जानेवारीत पावाचं रेशन लागलं: मोठ्या माणसाला दिवसाला ३०० ग्रॅम. आणि पाव म्हणजे काय, तर कोंडा, तांदूळ, ओट असं हाताला लागेल ते कालवून भाजलेला काळपट गोळा. पहाटे थंडीत रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना तो गोळा फेरीच्या नावाने मिळत होता. धान्य शहरात येतच नव्हतं, त्याला महापौर काय करणार? पण रांगेतला माणूस असा विचार करत नाही. 'फेरी-फामीन', दुष्काळवाला फेरी, हे नाव चिकटलं आणि कामगार वस्त्यांनी ते त्याला कधी माफ केलं नाही. १८ मार्च १८७१ ला पॅरिसच्या कामगार वस्त्यांचा उठाव, 'कम्यून', सुरू झाला, तेव्हा नगरपालिकेची इमारत सोडून जाणाऱ्यांत तो अगदी शेवटच्यांपैकी एक होता. भित्रा तो नव्हता, लोकप्रिय मात्र कधीच झाला नाही.

त्यानंतर पॅरिस सोडून तो आपल्या व्होज प्रांतातून निवडून येऊ लागला. १८७२-७३ मध्ये अथेन्सला फ्रान्सचा वकील म्हणून गेला, पेशवाईतल्या अर्थाने वकील.

मंत्रिपदं नेमकी कधी आणि कोणती?

शिक्षण खातं त्याच्याकडे फेब्रुवारी १८७९ मध्ये आलं आणि नोव्हेंबर १८८१ पर्यंत टिकलं, मधल्या काळात सरकारं बदलली तरी. त्यातला सप्टेंबर १८८० नंतरचा काळ तो पंतप्रधानही होता. मग १८८२ च्या जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत पुन्हा शिक्षण. फेब्रुवारी १८८३ ते मार्च १८८५ दुसऱ्यांदा पंतप्रधान, त्यात आधी शिक्षण आणि नोव्हेंबर १८८३ पासून परराष्ट्र खातं. सरकारं महिन्यांत मोजली जात त्या काळातली ही दोन वर्षं म्हणजे दीर्घायुष्यच. गांबेतासारख्या दिग्गजाचं सरकार जेमतेम अडीच महिने चाललं होतं.

या दुसऱ्या सरकारचं शाळा आणि वसाहतींपलीकडचं कामही थोडं नाही. १८८४ या एका वर्षात कामगार संघटना कायदेशीर झाल्या, नगरपालिकांचा कायदा आला, घटस्फोट पुन्हा शक्य झाला.

शाळेचे 'फेरी कायदे' म्हणजे काय?

दोन कायदे. १६ जून १८८१ चा: सरकारी प्राथमिक शाळेत फी नाही. २८ मार्च १८८२ चा: सहा ते तेरा वयाच्या प्रत्येक मुलामुलीला शिक्षण सक्तीचं, आणि सरकारी शाळेच्या अभ्यासक्रमातून धर्म बाहेर. फुकट, सक्तीचं, धर्मनिरपेक्ष: फ्रेंच माणूस हे तीन शब्द एका दमात म्हणतो.

दुसऱ्या कायद्याचं पहिलंच कलम वाचण्यासारखं आहे. आधीच्या कायद्यात पहिला विषय होता 'नैतिक आणि धार्मिक शिक्षण'. आता तिथे आलं 'नैतिक आणि नागरी शिक्षण'. एक शब्द बदलला आणि त्यावरून देशभर रान उठलं. पुढे विषयांची यादी आहे: वाचन, लेखन, फ्रेंच भाषा, भूगोल, इतिहास, थोडा कायदा आणि अर्थशास्त्र, विज्ञान, चित्रकला, संगीत, व्यायाम. आणि यादीच्या शेवटी मुलग्यांसाठी लष्करी कवायत, मुलींसाठी शिवणकाम. १८७० चा पराभव ताजा होता. 'प्रशियाच्या शाळामास्तराने आपल्याला हरवलं' असं तेव्हा फ्रान्समध्ये सर्रास बोललं जाई, आणि ते या यादीत सरळ उतरलेलं दिसतं.

लोकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट: सक्ती शिक्षणाची होती, शाळेची नव्हे. सरकारी शाळा, खाजगी शाळा किंवा घरी वडिलांनी शिकवणं, तिन्ही चालत असे. अकराव्या वर्षानंतर प्राथमिकची परीक्षा पास झालेल्या मुलाला शाळा सोडताही येई. शेतात हात हवे असणाऱ्या घरांना ही वाट फार सोयीची होती.

आणि धर्माचं काय केलं, तर रविवारखेरीज आठवड्यातला आणखी एक दिवस मोकळा ठेवला. ज्यांना मुलांना धर्मशिक्षण द्यायचं आहे त्यांनी त्या दिवशी शाळेच्या इमारतीबाहेर द्यावं. तो दिवस गुरुवार. फ्रान्सच्या कितीतरी पिढ्यांना 'गुरुवारची सुट्टी' आठवते, ती आली इथून. धर्म शाळेतून हाकलला असं जे म्हटलं जातं त्यात आणखी एक गंमत आहे. नीतिशिक्षणाच्या पहिल्या अभ्यासक्रमात 'देवाप्रति कर्तव्यं' हा भाग होताच. फेरीला चर्चशी भांडायचं होतं, देवाशी नाही.

फेरीच्या आधी फ्रान्समध्ये शाळा नव्हत्या का?

होत्या की. हा गैरसमज फेरीच्या भक्तांनीच पसरवला आहे. गिझोच्या १८३३ च्या कायद्याने प्रत्येक गावाला मुलग्यांची प्राथमिक शाळा चालवायला लावली होती. १८६७ मध्ये ड्युर्वीने पाचशेहून जास्त वस्तीच्या गावांना मुलींची शाळा काढायला सांगितलं. १८८१ पर्यंत बहुतेक मुलं कधी ना कधी शाळेचं तोंड पाहत होती आणि गरिबांना फी माफही असे. पण माफी मिळवायची तर 'आम्ही गरीब' अशी नोंद करून घ्यावी लागे, आणि वर्गात कोण फुकट्या आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. फेरीने तो शिक्का पुसला. आकड्यांत हा फरक फार मोठा दिसत नाही. बाकावर बसलेल्या पोराला तो किती वाटला असेल हे ज्याने कधी फीमाफीचा अर्ज भरला आहे त्याला सांगायला नको.

हे सगळं त्याने एकट्याने केलं नाही. प्राथमिक शिक्षणाचा संचालक फेर्दिनां ब्युइसाँ १८७९ पासून सतरा वर्षं त्या खुर्चीवर होता, मंत्री येत-जात राहिले. प्रत्येक जिल्ह्यात शिक्षिकांसाठी अध्यापक विद्यालय हवं हा १८७९ चा कायदाही फेरीच्याच कारकिर्दीतला. फुकट शाळा जाहीर करायची आणि शिकवायला माणूसच नाही, असं त्याने होऊ दिलं नाही. त्याच्यातला मुरलेला प्रशासक इथे दिसतो.

चर्चशी एवढं वैर कशासाठी?

त्या काळचं कॅथलिक चर्च उघडपणे राजेशाहीच्या बाजूचं होतं, ही गोष्ट विसरली की सगळं वैर अतिरेकी वाटतं. प्रजासत्ताकवाल्यांचा हिशेब साधा होता: आज जो शिकवतो त्याच्या हातात उद्याचं मत आहे.

फेरीचा पहिला वार १८७९ चा. उच्च शिक्षणाच्या विधेयकात त्याने सातवं कलम घुसवलं: परवाना नसलेल्या धर्मसंघातल्या कुणालाही शिकवता येणार नाही. नेम जेझुइट या कॅथलिक धर्मसंघावर होता. मार्च १८८० मध्ये सिनेटने ते कलम उडवलं. मग फेरी आणि तेव्हाचा पंतप्रधान फ्रेसिने यांनी संसदेचा नाद सोडून त्याच महिन्याच्या २९ तारखेला हुकूम काढले: जेझुइटांनी तीन महिन्यांत गाशा गुंडाळावा, बाकीच्या संघांनी परवान्यासाठी अर्ज करावा. संघांनी अर्ज केले नाहीत. पोलिसांनी मठांची दारं कुऱ्हाडीने फोडली, आतले साधू हाताला धरून बाहेर काढले. कित्येक न्यायखात्यातल्या अधिकाऱ्यांनी हे काम करण्याऐवजी राजीनामे दिले. बाकीच्या संघांवर हुकूम बजावायचा की तडजोड करायची या घोळात फ्रेसिनेचं सरकार गेलं आणि फेरी पंतप्रधान झाला.

संसदेने नाकारलेली गोष्ट हुकूम काढून करणं मला तरी त्याच्या नावाला शोभणारं वाटत नाही. कायद्याचं राज्य शिकवायला निघालेल्या माणसाने ते करायला नको होतं.

मग शिक्षकांना लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र?

तारीख १७ नोव्हेंबर १८८३. शिक्षण खातं सोडायला तीन दिवस उरले असताना फेरीने देशातल्या प्राथमिक शिक्षकांना लांबलचक पत्र पाठवलं. धर्माशिवाय नीती शिकवायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न खेड्यातल्या मास्तराला पडला होताच. एकीकडे गावचा पाद्री, दुसरीकडे वर्गातली पोरं, आणि त्या पोरांचे बाप चर्चला जाणारे.

फेरीचा सल्ला असा: मुलांना एखादी शिकवण देण्याआधी मनाशी विचारा, माझ्या ओळखीचा एखादा तरी प्रामाणिक माणूस हे ऐकून दुखावला जाईल का? वर्गात एखादा बाप, एकच, बसून ऐकत असता तर त्याने मनापासून नकार दिला असता का? उत्तर 'हो' असेल तर ते बोलू नका. 'नाही' असेल तर बेधडक बोला.

दीडशे वर्षं होत आली तरी फ्रान्समध्ये शाळा आणि धर्म यांचा वाद निघाला की हे पत्र बाहेर येतं. मजेची गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक ते उद्धृत करतात. तीन वर्षांपूर्वी मठांची दारं फोडायला लावणाऱ्या माणसानेच ते लिहिलंय हे ध्यानात ठेवून वाचलं की त्यातला मऊपणा जास्त जाणवतो.

मुलींच्या शिक्षणाबद्दल त्याची भूमिका काय होती?

एप्रिल १८७० मध्ये, मंत्री होण्याच्या बऱ्याच आधी, त्याने शिक्षणातल्या समानतेवर एक भाषण केलं होतं. त्यातला सूर असा की स्त्री एकतर विज्ञानाची झाली पाहिजे, नाहीतर ती चर्चची होईल. म्हणजे मुलींना शिकवायचं ते त्यांच्यासाठी की पाद्र्याच्या तावडीतून मतदार नवऱ्याला सोडवण्यासाठी, हे ज्याने त्याने ठरवावं. बायकांना मताचा हक्क देण्याचा विषय त्याच्या डोक्यात नव्हता. पण डिसेंबर १८८० मध्ये कामीय से या खासदाराचा मुलींच्या माध्यमिक शाळांचा कायदा झाला तो फेरीच्या पाठबळावर, आणि त्या शाळांना शिक्षिका मिळाव्यात म्हणून पुढच्याच वर्षी सेव्र इथे उच्च अध्यापक संस्था निघाली. हेतू काहीही असो, इमारती उभ्या राहिल्या.

तोंकिनचं प्रकरण काय? एका तारेने सरकार पडलं म्हणतात.

तोंकिन म्हणजे आजच्या व्हिएतनामचा उत्तर भाग, हनोईच्या आसपासचा. मे १८८३ मध्ये हनोईजवळ आंरी रिव्हिएर हा फ्रेंच नौदलाचा अधिकारी मारला गेला आणि फेरीने जादा फौज पाठवली. व्हिएतनामच्या दरबाराकडून फ्रान्सचं संरक्षण कबूल करून घेतलं. पण त्या भूमीवर चीनही आपला हक्क सांगत होता, त्यामुळे चीनशी युद्ध पेटलं. ते कधी रीतसर जाहीर झालंच नाही. संसदेकडून फेरी थोडा थोडा खर्च मंजूर करून घेत राहिला आणि 'आता संपतच आलंय' असं सांगत राहिला.

मार्च १८८५ च्या अखेरीस चिनी सीमेजवळच्या लांग सॉनला जनरल द नेग्रिये जखमी झाला. त्याच्या जागी आलेल्या कर्नलने घाईघाईने ठाणं सोडून माघार घेतली. हनोईहून जनरल ब्रिएर द लीलने पॅरिसला घाबरलेली तार केली. ती २९ मार्चला पॅरिसच्या वर्तमानपत्रांत झळकली. माघार प्रत्यक्षात तारेत वाटली तेवढी वाईट नव्हती, पण हे कळेपर्यंत उशीर झाला होता.

३० मार्चला फेरीने सभागृहात २० कोटी फ्रँक मागितले. जहाल डाव्यांचा नेता क्लेमांसो उठला आणि म्हणाला की आमच्यासमोर मंत्री नाहीत, देशद्रोहाचे आरोपी आहेत. मतदान झालं: विरोधात ३०६, बाजूने १४९. बाहेर जमाव 'फेरीला सीनमध्ये बुडवा' म्हणून ओरडत होता. 'दुष्काळी' नावाला आता 'तोंकिनवाला' हे दुसरं नाव जोडलं गेलं.

या प्रकरणातली खरी बोच पुढे आहे. चीनशी तह जवळजवळ ठरलेला होता. बोलणी गुप्त होती, चिनी जकात खात्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांमार्फत चाललेली, आणि फेरीच्या खिशात ती गोष्ट होती. सभागृहात तेवढं एक वाक्य तो बोलला असता तर कदाचित खुर्ची वाचली असती, पण तह फिसकटला असता. तो गप्प बसला. तहाच्या मसुद्यावर ४ एप्रिलला, म्हणजे सरकार पडल्यावर पाचच दिवसांनी, पॅरिसमध्ये सह्या झाल्या. तोंकिन फ्रान्सला मिळालं. शिव्या तेवढ्या फेरीला.

'श्रेष्ठ वंश, कनिष्ठ वंश' हे तो खरंच बोलला का?

हो, २८ जुलै १८८५ ला, भर सभागृहात. तेव्हा तो साधा खासदार होता. विषय मादागास्करवरच्या मोहिमेच्या खर्चाचा. वसाहती का हव्यात याची त्याने तीन कारणं मांडली. पहिलं बाजाराचं: जर्मनी आणि अमेरिका जकातीच्या भिंती उभारत आहेत, मग आपला माल जाणार कुठे? तिसरं आरमाराचं: कितीही उत्तम युद्धनौका असली तरी ती चौदा दिवसांहून जास्त पुरेल एवढा कोळसा नेऊ शकत नाही, तेव्हा समुद्रोसमुद्री आपली बंदरं हवीत. मधलं कारण हे: श्रेष्ठ वंशांना एक हक्क असतो, कारण त्यांच्यावर एक कर्तव्य असतं, कनिष्ठ वंशांना सुसंस्कृत करण्याचं.

'त्या काळी सगळेच असं बोलत' अशी सारवासारव नेहमी ऐकू येते. ती खोटी आहे. त्याच क्षणी सभागृहातून आरडाओरडा झाला: ज्या देशात मानवी हक्कांची घोषणा झाली तिथे तुम्ही हे बोलता! आणि दोन दिवसांनी, ३० जुलैला, क्लेमांसोने जे उत्तर दिलं त्यात आपणही आहोत. हिंदू कनिष्ठ वंश? असा त्याचा सवाल होता. काळाच्या पोटात हरवलेली ती महान, सुसंस्कृत परंपरा, भारतातून चीनपर्यंत गेलेला तो बौद्ध धर्म, ज्यांचे भव्य अवशेष आजही दिसतात ती कला, हे सगळं कनिष्ठ? पुढे त्याने आणखी वर्मावर बोट ठेवलं: १८७० नंतर जर्मन विद्वान फ्रेंच वंशच कनिष्ठ असल्याचं शास्त्रशुद्ध सिद्ध करून दाखवत होते, तेव्हापासून कुणाला कनिष्ठ म्हणण्याआधी मी दोनदा विचार करतो.

अर्थात क्लेमांसोचं सगळं लक्ष वंशांच्या समानतेवर नव्हतं. त्याचा जीव १८७१ मध्ये जर्मनीने घेतलेल्या आल्सास-लोरेन या दोन प्रांतांत अडकला होता, फौज आणि पैसा आशियात घालवणं त्याला वेडेपणा वाटत होतं. बिस्मार्क फ्रान्सला वसाहतींच्या नादी लावतोय हे उघड दिसत होतं. कट्टर राष्ट्रवादी देरुलेदने फेरीला सुनावलं असं सांगतात: माझी दोन लेकरं गेली आणि तू मला वीस नोकर देऊ करतोस.

शाळावाला फेरी आणि साम्राज्यवाला फेरी, यांची सांगड कशी घालायची?

सांगड घालायची गरजच नाही. १८८१ च्या उन्हाळ्याचं कॅलेंडर समोर ठेवा. १२ मे: बार्दोचा तह, ट्युनिशिया फ्रान्सच्या पंखाखाली. १६ जून: प्राथमिक शाळा फुकट. २८ जून: अल्जीरियातल्या 'देशी' लोकांसाठी वेगळ्या शिक्षांचा कायदा, म्हणजे फ्रेंच माणसाला जो गुन्हाच नाही त्यासाठी अल्जीरियन माणसाला प्रशासकाने खटल्याशिवाय शिक्षा द्यायची. ३० जून: सभास्वातंत्र्य. २९ जुलै: वृत्तपत्रस्वातंत्र्याचा कायदा, जो दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. हे सगळं अडीच महिन्यांत, एकाच पंतप्रधानाच्या सहीशिक्क्याखाली.

माझ्या मते फेरीला यात कुठेच विसंगती दिसली नसणार. ब्रिटनीतला शेतकऱ्याचा पोर आणि तोंकिनमधला शेतकरी, दोघंही त्याच्या लेखी अजून 'घडायचे' होते, आणि घडवणारा हात पॅरिसचा. फरक एवढाच की पहिल्याला मोठेपणी मत मिळत होतं, दुसऱ्याला दंड.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं: १८९२ मध्ये सिनेटच्या समितीचा प्रमुख म्हणून तो अल्जीरियाला गेला. तिथून परतल्यावर त्याने फ्रेंच वसाहतवाल्यांबद्दल जे लिहिलं ते त्यांना अजिबात रुचलं नाही. देशी माणूस म्हणजे राबवून घ्यायचा आणि लुबाडायचा जीव एवढीच त्यांची समजूत आहे, असा त्याचा रोख होता.

ब्रेटन, ऑक्सिटन वगैरे भाषा त्यानेच मारल्या का?

पूर्ण खरं नाही. वर्गात ब्रेटन बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी तुकडा किंवा जुनं पादत्राण अडकवायची पद्धत फेरीच्या आधीपासून होती, आणि त्याच्या कायद्यात तिचा उल्लेख नाही. पण सगळ्यांना शिक्षण सक्तीचं आणि शाळेची भाषा फक्त फ्रेंच, याचा परिणाम व्हायचा तो झालाच.

एवढा मोठा नेता राष्ट्राध्यक्ष का झाला नाही?

डिसेंबर १८८७ मध्ये संधी आली होती. राष्ट्राध्यक्ष ग्रेव्हीचा जावई सरकारी सन्मानचिन्हं विकताना सापडला आणि सासऱ्याला जावं लागलं. फेरी सर्वांत वजनदार उमेदवार, पण त्याचं नाव निघताच पॅरिसमध्ये दंग्यांची भाषा सुरू झाली. डावे, उजवे, चर्चवाले, सगळ्यांना तो नको होता, कारणं तेवढी निरनिराळी. क्लेमांसोने आपली मतं सादी कार्नोकडे वळवली आणि ३ डिसेंबरला कार्नो निवडून आला.

आठवडाही उलटला नाही तोच, १० डिसेंबरला, ओबेर्तँ नावाच्या माणसाने संसदेच्या इमारतीतच फेरीवर पिस्तूल झाडलं. जखम छातीला झाली, तो वाचला. १८८९ च्या निवडणुकीत स्वतःच्या सँ-दिएनेच त्याला पाडलं. १८९१ मध्ये सिनेटवर आला, २४ फेब्रुवारी १८९३ ला सिनेटचा अध्यक्ष झाला, आणि तीन आठवड्यांत हृदयविकाराने गेला.

महाराष्ट्राशी याचा काही धागा?

थेट काही नाही, ओढूनताणून जोडू नये. पण तारखा शेजारी ठेवल्या की लिहिल्यावाचून राहवत नाही. २८ मार्च १८८२ ला फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं: प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, ही त्यांची तक्रारही त्यातच आहे. फेरीच्या हातात सत्ता होती, फुल्यांच्या हातात अर्ज. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये. गोखल्यांचं विधेयक १९१२ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात फेटाळलं गेलं. सहा ते चौदा वयाच्या मुलांचा हक्क देशभराच्या कायद्यात यायला २००९ उजाडावं लागलं.

आज फ्रान्स त्याच्याकडे कसं बघतं?

अवघडून. १५ मे २०१२ ला फ्रान्स्वा ओलांद यांनी राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रं घेतली आणि त्याच दिवशी पॅरिसच्या त्युइलरी बागेतल्या फेरीच्या पुतळ्याला अभिवादन केलं. त्याच भाषणात त्यांना हेही म्हणावं लागलं की वसाहतवादाचं समर्थन ही फेरीची नैतिक आणि राजकीय चूक होती. फेरीच्या हयातीत त्याला ज्या दोन गोष्टींसाठी शिव्या पडल्या, काळा पाव आणि लांग सॉनची तार, त्या आता कुणाच्या लक्षात नाहीत. ज्या वाक्यासाठी आज पडतात, त्यावर तेव्हा खुर्ची गेली नव्हती.

त्याची कबर कुठे आहे?

सँ-दिएला. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं होतं की मला व्होजच्या त्या निळ्या रेषेसमोर पुरा, जिथून पराभूतांचा विलाप माझ्या मनापर्यंत येतो. गावातून पूर्वेला पाहिलं की डोंगरांची निळसर कड दिसते. १८७१ च्या तहाने सीमा त्या कडेवर येऊन थांबली होती, आणि १८९३ मध्ये त्याला मूठमाती दिली तेव्हा पलीकडचा आल्सास जर्मनीत होता.